सापडलेल्या चित्रफितीतील भय

विनोद आणि भय या दोन गोष्टी कलेत सर्वांत लवकर शिळ्या होतात. करुण प्रसंग आजोबांना रडवतो आणि नातवालाही रडवतो. पण आजोबांना ज्या कोटीने हसू आले ती नातवाला समजावून सांगावी लागते, आणि ज्या भुताने आजोबांची झोप उडवली त्याच्याकडे पाहून नातू जांभई देतो. म्हणून भयकथेची किंवा भयपटाची खरी परीक्षा ती कृती प्रथम लोकांपुढे येते त्या दिवशी होत नाही. ती पुढच्या पिढीच्या हाती पडते तेव्हा होते. या दृष्टीने चित्रपटातील एक प्रकार मुद्दाम तपासून पाहण्याजोगा आहे. कारण शिळे होण्याचा धोका त्याच्याइतका दुसऱ्या कोणत्याच प्रकाराने पत्करलेला नाही.

इंग्रजीत ‘फाउंड फूटेज’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार. मराठीत त्याला ‘सापडलेल्या चित्रफितीचा भयपट’ म्हणता येईल. पडद्यावर दिसते ते कोणा दिग्दर्शकाने रचलेले नाही, त्या प्रसंगात सापडलेल्या माणसांनीच ते आपल्या कॅमेऱ्याने टिपले आहे. ती माणसे आता हयात नाहीत अथवा बेपत्ता आहेत. त्यांच्यामागे राहिलेल्या फिती कोणाला तरी मिळाल्या आणि त्या आपण जशाच्या तशा पाहत आहोत, असा या चित्रपटांचा बहाणा असतो. चित्र हलते, मध्येच अंधार होतो, बोलणे अर्धवट ऐकू येते, पार्श्वसंगीत नसते. सामान्य चित्रपटात जे दोष ठरले असते ते येथे पुरावे ठरतात.

आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य कागदपत्रांच्या सहवासात जाते. त्यामुळे या क्लृप्तीचे सामर्थ्य आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावे. पंचनाम्याला अलंकार चालत नाहीत. स्थळ, काळ, चतुःसीमा, आढळलेल्या वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्या, एवढाच त्याचा संसार. पण एखाद्या दुर्दैवी प्रकरणाचा पंचनामा वाचताना ‘चुलीवर शिजवलेला भात झाकून ठेवलेला आढळला’ असे एक साधे वाक्य येते आणि अंगावर काटा उभा राहतो. लिहिणाऱ्याला आपल्याला घाबरवायचे नव्हते, म्हणूनच आपण घाबरतो. सापडलेल्या चित्रफितीचा भयपट पंचनाम्याची ही निर्विकार भाषा उसनी घेतो. आपल्याकडच्या तोंडी भूतकथांनाही हे गुपित पूर्वीपासून ठाऊक आहे. गावाचे नाव, घाटातले वळण, अमावास्येची रात्र आणि ‘हे प्रत्यक्ष माझ्या मामांच्या बाबतीत घडले’ अशी ग्वाही, एवढ्या सामग्रीवाचून कोणतीही भुताची गोष्ट सुरू होत नाही. दूरच्या जिल्ह्यातील विश्रामगृहाचा चौकीदार रात्री कंदिलाची वात सारीत जी हकीकत सांगतो, तिच्यातही आधी साल येते आणि मग साहेबांचे आडनाव.

ग्रंथवाङ्मयात ही युक्ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे. होरेस वॉलपोलने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, ती इंग्लंडच्या उत्तर भागातील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचे भाषांतर म्हणून. दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपले कर्तृत्व कबूल केले. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही तर रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवर नोंदलेले टिपण यांची जणू एक जाडजूड फाइलच आहे. ‘ओट्रांटो’च्या बहाण्याला आज कोणी फसत नाही, आणि त्याबरोबर तिच्यातील भयही जवळजवळ संपले आहे. ‘ड्रॅक्युला’च्या कागदपत्रांनाही कोणी खरे मानत नाही, तरी जोनाथन हार्करच्या रोजनिशीची पहिली पाने आजही अस्वस्थ करतात. बहाणा दोन्हीकडे एकच, पण निकाल वेगळा. हा फरक कशामुळे पडतो, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे १९९९ सालचा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा अमेरिकन चित्रपट. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे त्याचे दिग्दर्शक. तीन विद्यार्थी एका स्थानिक चेटकिणीच्या दंतकथेवर अनुबोधपट करण्यासाठी ऑक्टोबर १९९४ मध्ये मेरिलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात जातात आणि नाहीसे होतात. वर्षभराने त्यांच्या फिती सापडतात, एवढेच कथानक. चित्रीकरण अवघ्या आठ दिवसांचे. नटांच्या हाती लिहिलेले संवाद नव्हते. कॅमेरे त्यांनीच चालवले. पुढच्या मुक्कामाच्या खुणा आणि प्रत्येकाने कसे वागावे याच्या चिठ्ठ्या त्यांना जंगलात ठेवलेल्या मिळत. दिवसागणिक त्यांचा शिधा कमी केला जाई आणि रात्री दिग्दर्शक तंबूभोवती चित्रविचित्र आवाज काढीत. पडद्यावर दिसणारा थकवा, चिडचीड आणि भूक यांत म्हणूनच अभिनयाचा भाग किती आणि वस्तुस्थितीचा किती, हे सांगणे अवघड आहे.

पण चित्रपटाबाहेर जे रचले गेले ते याहून मोठे होते. पात्रांना नटांचीच खरी नावे दिली होती. इंटरनेट तेव्हा नवे होते. त्यावर या प्रकरणाची खोटी कालानुक्रमणी आणि पोलिसी छायाचित्रे घालण्यात आली. सनडान्सच्या महोत्सवात ‘बेपत्ता’ म्हणून पत्रके वाटण्यात आली. नायिकेचे काम करणाऱ्या हेदर डॉनह्यूच्या आईला मुलगी हयात असताना सांत्वनाची पत्रे आली. अत्यल्प खर्चात झालेल्या या चित्रपटाने जगभर जवळजवळ २५ कोटी डॉलर मिळवले.

येथे थोडे थांबले पाहिजे. भय विकत देण्यासाठी जिवंत माणसाला मृत ठरवणे हा खेळ निरुपद्रवी आहे काय? याआधी १९८० साली रुजेरो देओदातोच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या इटालियन चित्रपटाने हीच सीमा ओलांडली होती. त्यातील नटांना वर्षभर लोकांच्या नजरेआड राहण्याचा करार करावा लागला. पुढे चित्रपट जप्त झाला आणि त्यांचा खरोखर खून झाला असल्याचा संशय उत्पन्न झाला, तेव्हा ते जिवंत आहेत हे दाखवण्यासाठी दिग्दर्शकाला त्यांना पुढे आणावे लागले. त्यात प्राण्यांची हत्या तर खरीच केलेली होती. ती पाहताना होणारी शिसारी कलेच्या खात्यावर जमा करता येत नाही. ‘ब्लेअर विच’मध्ये असे रक्त सांडले नाही; पण त्या तिघा नटांनी २०२४ साली जाहीर पत्र काढून आपल्या कामाचा आणि आपल्या नावांच्या वापराचा न्याय्य मोबदला मागितला, हे विसरता येत नाही. हेदर डॉनह्यूने तर मधल्या काळात आपले नावच बदलून घेतले. ज्या भयावर प्रेक्षक लुब्ध झाले त्याची किंमत कोणी तरी चुकती केली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले संभावनाविरह, म्हणजे ‘हे घडणे शक्यच नाही’ असे वाटणे. दुसरे, आपल्या किंवा परक्या व्यक्तीच्या विशिष्ट देशकालाने मन व्यापून जाणे. पहिल्या विघ्नामुळे मन कथेत शिरत नाही. दुसऱ्यामुळे ते शिरते, पण भावनेचा आस्वाद घेण्याऐवजी स्वतःच्या वा कोणा एकाच्या हिताहिताच्या चिंतेत गुरफटते. आणि विशेष हे की, देशकालाच्या बंधनातून मुक्त झालेली भावना म्हणजे काय हे सांगताना अभिनवगुप्ताने उदाहरण घेतले आहे ते भयाचेच: ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या हरणाचे. ते हरीण कोणत्या रानातले, कोणत्या दिवशीचे, हे सारे गळून पडते आणि उरते ते निव्वळ भय.

या मोजपट्टीने पाहिले तर सापडलेल्या चित्रफितीचे मर्म उघड होते. हा प्रकार पहिल्या विघ्नावर रामबाण उपाय करतो. चेटकीण असू शकत नाही असे म्हणणाऱ्या प्रेक्षकापुढे तो फीतच ठेवतो. पण हा उपाय करताना तो दुसरे विघ्न हात धरून घरात आणतो. ‘ही मुले खरोखर मेली काय?’ असा प्रश्न ज्या प्रेक्षकाला १९९९ साली पडला, तो भयानक रसाचा आस्वाद घेत नव्हता. तो एका बातमीने हादरला होता. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरावे, पण आपले आपणपण सुटू नये, या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. सापडलेल्या चित्रफितीचा सारा खटाटोप त्यातील विकल्प पुसून टाकण्यासाठी असतो. विकल्प पुसला की भय वाढते यात शंका नाही. पण ते भ्रमाचे भय असते आणि भ्रम दुसऱ्यांदा होत नाही.

तेव्हा पुढची पिढी हीच या प्रकाराची खरी कसोटी होय. तिला बहाणा ठाऊक असतो. भ्रमाचे भय तिच्यापुरते आधीच वजा झालेले असते. बाकी काही उरते काय, एवढेच पाहायचे.

प्रस्तुत लेखकाने ‘ब्लेअर विच’ अलीकडे पुन्हा पाहिला तो सरकारी निवासस्थानाच्या बैठकीत, घरातील तीन पिढ्यांसमवेत. एका घरावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य. पण निरीक्षण नोंदवायला हरकत नसावी. सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना चित्र हलल्याने घेरी आली. त्यांच्या पिढीने चित्रपट हा सजवलेला, प्रकाशलेला, गाण्यांनी नटलेला असा पाहिला; हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे चित्र त्यांना खरे वाटत नाही, ते अडाण्याचे काम वाटते. मात्र जंगलात वाट चुकणे, तीच ओहोळाची जागा संध्याकाळी पुन्हा समोर येणे, या भागात ते सर्वांत अधिक गप्प झाले. चकव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला ते ओळखीचे होते. पन्नाशीतल्या मंडळींना आपण तेव्हा किती घाबरलो होतो याची आठवण अधिक सुखावीत होती. त्यांचे भय आता स्मरणरंजनात मुरले होते. आणि कॉलेजात जाणारी मुले? पहिला तासभर ती मोबाइलकडे अधूनमधून पाहत होती. ‘फोनवर नकाशा का नाही पाहिला?’ हा प्रश्न आलाच. चित्रपटात फोनही नाही आणि काळ १९९४ चा आहे, हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर जो भाव उमटला तो मात्र लक्षात राहण्यासारखा होता. कोणालाही आपला ठावठिकाणा कळवता येत नाही, ही अवस्थाच त्यांना चेटकिणीपेक्षा भीषण वाटली.

शेवटच्या प्रसंगी मात्र तिन्ही पिढ्या सारख्याच स्तब्ध होत्या. तो प्रसंग असा: पडक्या घराच्या तळघरात कॅमेरा घेऊन हेदर धावत येते, आणि तिचा सोबती भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात निमूट उभा दिसतो. बस्स, इतकेच, मग कॅमेरा खाली पडतो. न रक्त, न राक्षस. पण चित्रपटाच्या आरंभी एका गावकऱ्याने सहज सांगितलेले असते की, पूर्वी एक खुनी एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभे करीत असे. आपण ते ऐकून विसरलेलो असतो. शेवटी ते विसरलेले वाक्य आपणच आठवतो आणि आपणच घाबरतो. हे पुराव्याचे काम नव्हे, रचनेचे आहे. बी पेरणे, ते झाकणे आणि योग्य वेळी उगवू देणे ही सनातन कथनकला येथे अनघड फितीच्या वेषात वावरते. ‘ड्रॅक्युला’ टिकली आणि ‘ओट्रांटो’ विटली ती याच कारणाने.

दुसरी टिकलेली गोष्ट तिघांच्या भांडणाची. वैतागलेला एक जण नकाशा लाथेने ओढ्यात उडवून देतो आणि पुढे हसत ते कबूल करतो. संकटात माणसे एकमेकांची कशी होत नाहीत, हे दाखवायला चेटकिणीची गरज नसते. तिसरी गोष्ट काळाने नव्याने दिलेली आहे. सोबती हेदरला एके ठिकाणी म्हणतो की, कॅमेऱ्यातून पाहिले म्हणजे जग पुरते खरे वाटत नाही, म्हणूनच तू तो खाली ठेवीत नाहीस. १९९९ साली हे बोलणे कथेला टेकू देण्यापुरते वाटले होते. अपघात पाहिला की आधी फोन वर करणाऱ्यांच्या जगात ते मार्मिक भाष्य झाले आहे. तरुण प्रेक्षकांना हा भाग त्यांच्या आईवडिलांपेक्षा अधिक बोचला.

इतर चित्रपटांनाही हाच न्याय लावता येतो. ओरेन पेलीच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’त (२००७) कॅमेरा शयनगृहात स्थिर ठेवलेला आहे आणि चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ चालते. झोपेतून उठलेली प्रेयसी प्रियकराकडे पाहत पलंगाशी नुसती उभी राहते, आकडे झरझर पुढे सरकतात, तास उलटतात. काहीच न घडण्याचे हे भय कोणत्याही पिढीला लागू पडेल, कारण झोपेत मनुष्य असहाय असतो हे सत्य जुने होत नाही. उलट २०१६ साली ‘ब्लेअर विच’चा जो पुढचा भाग निघाला त्यात ड्रोन आले, कानावर बसवलेले कॅमेरे आले, दाखवणे वाढले, आणि भय तेवढे उणावले. आपल्या देशातही ‘रागिनी एमएमएस’ (२०११) हा हिंदी आणि ‘६-५=२’ (२०१३) हा कन्नड चित्रपट या वाटेने गेले. पहिल्यात चोरून चित्रण करण्याची सामाजिक धास्ती भुताहून खरी होती, पण चित्रपटाने तिच्यापेक्षा भुतावरच अधिक भिस्त ठेवली. भय ज्या समाजात उत्पन्न होते त्याचे मूळ दुखणे सोडून परदेशी साचा उचलला की, साचा तेवढा हाती राहतो.

नव्या पिढीने या प्रकारात स्वतःची भर घातली नाही असे मात्र नाही. टाळेबंदीच्या काळात रॉब सॅव्हेज याने ‘होस्ट’ (२०२०) हा तासाभराहून कमी लांबीचा चित्रपट केला; सारा प्रसंग संगणकावरील बैठकीच्या चौकटींत घडतो आणि नटांनी तो आपापल्या घरी बसून चित्रित केला. त्या महिन्यांत आपणही कार्यालयाच्या बैठका अशाच चौकटींत घेतल्या. एखाद्याची चौकट अचानक काळी पडली की मनात काय येई, ते सांगावयास नको. आणि २०२२ च्या जानेवारीत केन पार्सन्स या अमेरिकन किशोराने ‘बॅकरूम्स’ नावाची एक लहान चित्रफीत यूट्यूबवर प्रसिद्ध केली. निर्मनुष्य, पिवळ्या भिंतींच्या खोल्या, संपतच नाहीत, आणि चित्र जुन्या व्हिडिओ टेपसारखे फिकट. व्हिडिओ टेपच्या जमान्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती टेपच भयंकर वाटावी, हे लक्षणीय आहे. आमच्या पिढीला पडका वाडा, ओस विहीर यांचे भय वाटे. कारण तेथे आमच्या आधी कोणी तरी राहून गेले होते. या मुलांचा पडका वाडा म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणची फीत. दर पिढी मागच्या पिढीच्या अवशेषांतच आपली भुते वसवते, असे म्हणावे लागेल.

एक गोष्ट मात्र पालटली आहे आणि ती केवळ चित्रपटापुरती नाही. सापडलेल्या चित्रफितीचे सारे सामर्थ्य ‘चित्र खोटे बोलत नाही’ या समजुतीवर उभे होते. आज न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र यंत्राकरवी घटकाभरात तयार होते. आजच्या तरुणाचा पहिला प्रश्न ‘हे खरे असेल काय?’ असा नसतो. ‘हे कशाने बनवले?’ असा असतो. बहाण्यावर जगणाऱ्या चित्रपटाला हे मारक आहे, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना पुराव्यावर निर्णय द्यावे लागतात त्यांनी यातील दुसरी बाजू ओळखली पाहिजे. खोट्या फितीला न फसणारा प्रेक्षक उद्या खऱ्या फितीवरही विश्वास ठेवणार नाही. जंगलात खरोखर हरवलेल्या मुलीने मदतीसाठी पाठवलेले चित्रण पाहून ‘छान जमले आहे’ असे कोणी म्हणावे, याहून भयंकर प्रसंग या प्रकारच्या चित्रपटाला अद्याप सुचलेला नाही.

तात्पर्य, सापडलेल्या चित्रफितीचे भयपट अजून भीती घालतात काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. फसवून मिळवलेले भय त्याच पिढीबरोबर खर्ची पडले आणि ते तसे पडले हे योग्यच झाले. अंधार, एकटेपण, वाट चुकणे, झोपेतील असहायता आणि सोबत्यावरील अविश्वास यांतून रचनेने उभे केलेले भय मात्र बहाणा उघडा पडल्यावरही शिल्लक राहिले. फीत खोटी आहे हे ठाऊक असूनही कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या पाठमोऱ्या तरुणाला पाहून तीन पिढ्यांचा श्वास अडतो, तेव्हा तो कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, हे सारे गळून पडलेले असते. त्या क्षणी तो दुष्यंताच्या बाणापुढच्या हरणाच्या पंक्तीला जाऊन बसतो.